कोरकूंचा ढाणा : मेळघाटातील घर, रस्ता आणि मोहाची बैठक

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील या सागवनात राहणाऱ्या आदिवासींत कोरकू संख्येने सर्वांत मोठे. त्यांची भाषा मुंडा कुळातील. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी दूर झारखंड-ओडिशाकडे बोलल्या जातात. वऱ्हाडच्या सपाटीवरून घाट चढून आलेल्याच्या नजरेत आधी भरते ती गावाची मांडणी. घरांच्या दोन समोरासमोर ओळी आणि मधून जाणारा रुंद, झाडून लख्ख ठेवलेला मातीचा रस्ता, असा जुन्या ढाण्याचा, म्हणजे कोरकू वस्तीचा, साचा आहे.

हा रस्ता नुसता जाण्यायेण्याचा नाही, मोहाच्या दारूची बैठकही इथेच बसते. दारू पिण्यासाठी वेगळी खोली, गुत्ता किंवा दुकान जुन्या कोरकू गावाला लागलेच नाही. गोव्यातल्या खेड्यात ताव्हेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, हे बसण्याचे ठिकाण असते. इथे ते काम घराची ओसरी आणि समोरचा रस्ता करतात. सोयरीक ठरणे, भांडण मिटणे, पाहुण्याचे स्वागत, होळीचा नाच, सगळे याच मोकळ्या जागेत होते. पंचांनी ठरवलेला दंडही पुष्कळदा जेवण आणि मोहाच्या रूपात गावालाच मिळे. पिणे चोरून नव्हते, चारचौघांत होते. या वस्तीरचनेचे खरे मोल त्यातच आहे.

घर सागाच्या खांबांवर उभे असते. बांबूच्या तट्ट्यांना दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा दिला की भिंत होते, वर कवेलू. दार ठेंगणे, वाकून आत जावे लागते. आत लांबट, अंधारी, थंड जागा, एका बाजूला चूल आणि शेणाने लिंपलेल्या बांबूच्या धान्यकोठ्या. कोदो, कुटकी, मका यांचे वर्षभराचे पोट त्या कोठ्यांत साठवलेले असते. बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसे आढ्याला टांगलेली, चुलीच्या धुराने काळपटलेली दिसतात. धुरामुळे त्यांना कीड लागत नाही. भिंती आणि ओटे सारवणे, रंगीत मातीने पोतेरा देणे हे बायकांचे काम, आणि त्यांचा हात किती सफाईचा आहे ते बाहेरूनच कळते.

मोह फुलतो तो मार्च-एप्रिलमध्ये. फुले पहाटे गळतात, म्हणून झाडाखालची जमीन आधीच साफ केलेली असते आणि उजाडायच्या आत टोपल्या घेऊन घरची माणसे तिथे पोचतात. मांसल, पिवळट फुले उन्हात वाळली की मनुकांसारखी तांबूस होतात. ती पाण्यात काही दिवस आंबवून मडक्यात चुलीवर चढवतात. वर दुसरे मडके, त्याच्याही वर गार पाण्याचे भांडे. वाफ त्या गार बुडाला लागून निवते आणि थेंबाथेंबाने आतल्या भांड्यात उतरते. वरचे पाणी कोमट होताच बदलावे लागते; जाळ वाढला तर माल करपतो. कोरकूत या दारूला सिडू म्हणतात. पळसाच्या पानांच्या द्रोणात ती ओतली की पहिले थेंब जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना. त्यानंतर माणसांची पाळी.

पूर्वजांची जागा गावाबाहेर झाडाखाली असते. मृताच्या नावाने तिथे मुंडा, म्हणजे कोरलेली सागाची फळी, रोवतात. फळीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले असतात. या विधीतही मोह हवाच. काटकुंभ-जारिदा भागात होळीनंतर भरणारी मेघनाथाची यात्रा तर साऱ्या मेळघाटाची.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड या गावांचे अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात पुनर्वसन झाले. नंतर केलपानी, गुल्लरघाट, धारगडही त्याच वाटेने खाली उतरले. नव्या वसाहतीत भूखंड आखून मिळतात, सिमेंटची घरे होतात. मात्र ओळखीची मोहाची झाडे वरच राहतात. पुनर्वसनाचा आराखडा करताना समोरासमोरच्या ओळी आणि मधला रस्ता यांचा विचार व्हायला हवा, कारण ही माणसे घराइतकीच त्या रस्त्यावर राहत आली आहेत.

मोहाच्या दारूपुढे कायद्याचीही अडचण आहे. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि परवान्याशिवाय मोह गाळणे त्याखाली गुन्हा ठरते. मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे आणि नेणे यांवरील निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये उठवले. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून धोरणात जागा दिली. मेळघाटातला कोरकू मात्र अजून फूलच विकतो.