दुसरी फळी, तिसरी फळी
लेखमाला : संघ घडतो कसा | लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण रग्बीतल्या पंधरा जागा आणि प्रत्येक जागेचं काम पाहिलं. आज त्या जागांवर खेळाडू कसे निवडतात ते पाहू. राष्ट्रीय संघ जाहीर झाला की चर्चा रंगते ती पहिल्या पंधरा जणांची. निवड समितीची झोप उडते ती मात्र सोळाव्या, तेविसाव्या आणि यादीबाहेर राहिलेल्या चौतिसाव्या नावापायी. पुरुषांच्या २०२३च्या विश्वचषकात प्रत्येक देशाला ३३ खेळाडू नेता आले. त्यांतले २३ सामन्याच्या दिवशी गणवेश चढवतात, १५ मैदानात उतरतात. हे तीन आकडे तीन वेगळे निर्णय आहेत आणि तिसऱ्यापेक्षा पहिला अवघड आहे.

का, ते २०११च्या विश्वचषकानं दाखवलं. यजमान न्यूझीलंडचा सगळा डाव डॅन कार्टरभोवती फिरत असे. तो दहा नंबरचा, म्हणजे फ्लाय हाफ. चेंडू हातातून न्यायचा की लाथेनं पुढे टाकायचा, हे मैदानावर तोच ठरवतो. साखळी सामन्याच्या आदल्या दिवशी किकचा सराव करताना कार्टरच्या जांघेचा स्नायू गेला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात जायबंदी झाला. तिसरा एरन क्रूडन. अंतिम सामन्यात मध्यंतराच्या आधीच त्याचा गुडघा दुखावला. उरला स्टीफन डोनल्ड. मूळ ३० जणांत त्याचं नावही नव्हतं आणि संघाचं बोलावणं आलं तेव्हा तो वायकाटो नदीवर मासे पकडत होता. अंगाला नीट न बसणारी जर्सी घालून तो उतरला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला त्यानं पेनल्टी मारून तीन गुण मिळवले. न्यूझीलंडनं फ्रान्सला ८–७ असं हरवलं. त्या तीन गुणांवाचून विश्वचषक हातचा गेला असता.

याला नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. डोनल्ड याआधी न्यूझीलंडकडून वीसहून अधिक कसोटी सामने खेळला होता. चौथ्या क्रमांकाच्या माणसालाही मोठ्या सामन्याची सवय आधीच लावून ठेवलेली होती. पुढे चारच वर्षांनी, २०१५च्या विश्वचषकात, आयर्लंडवर तशीच वेळ आली. उपांत्यपूर्व सामन्याला कर्णधार पॉल ओकॉनेल, फ्लाय हाफ जॉनी सेक्स्टन आणि पीटर ओमॅहनी दुखापतीमुळे नव्हते, तर शॉन ओब्रायन निलंबित होता. अर्जेंटिनाकडून ते २०–४३ असे हरले. मैदानात पंधरा जण पूर्ण होते. पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर मात्र उघडं पडलं.

हेच अंतर मोजणं म्हणजे दुसऱ्या फळीचा अंदाज घेणं. आपल्याकडे ‘आमच्याकडे पोरं भरपूर आहेत’ असं अभिमानानं सांगतात. संख्या ही सुरुवात झाली. निवड समिती त्यापुढे जाऊन तक्ता मांडते. उभ्या रकान्यात जागा, आडव्या रकान्यात पहिला, दुसरा, तिसरा खेळाडू. मग प्रत्येक नावापुढे वय, मागच्या वर्षभरात प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं, दुखापतींचा इतिहास आणि आणखी कोणत्या जागी खेळू शकतो याची नोंद. असा तक्ता भरला की संघाची खरी स्थिती दिसते. विंगसाठी सहा जण रांगेत असतात आणि टाइटहेड प्रॉपच्या रकान्यात एकच नाव असतं. बेरीज चांगली दिसते, पण संघ त्या एका नावावर टांगलेला असतो.

प्रॉपचं उदाहरण मुद्दाम घेतलं. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना भिडतात आणि पुढच्या तिघांच्या, म्हणजे दोन प्रॉप आणि मधला हूकर यांच्या, मानेवर आणि खांद्यांवर सगळा भार येतो. तिथे शिकाऊ माणूस उभा केला तर मणक्याला इजा होऊ शकते. म्हणून नियमच असा आहे की २३ जणांच्या संघात पुढच्या फळीसाठी तयार असलेले किमान सहा खेळाडू हवेत. बदली करायला असे खेळाडू उरले नाहीत तर स्क्रम रेटारेटीविना होतो आणि तिथली ताकद वापरण्याची संधीच संघाच्या हातून जाते. बाकीच्या जागांवर थोडी तडजोड चालते, इथे नाही. तक्ता भरताना अनुभवी निवडकर्ते आधी एक, दोन, तीन नंबरचे रकाने पाहतात ते यामुळेच.

दक्षिण आफ्रिकेनं २०२३ साली हा धोका पत्करला. त्यांचा हूकर माल्कम मार्क्स स्पर्धेच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला. त्याच्या जागी त्यांनी दुसरा हूकर न बोलावता हान्द्रे पोलार्ड या फ्लाय हाफला बोलावलं. पूर्णवेळ हूकर एकच राहिला, बोंगी म्बोनाम्बी. अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच तो बाहेर गेला. मग ३७ वर्षांचा डिऑन फोरी जवळजवळ पूर्ण सामना हूकर म्हणून खेळला. तो मुख्यतः फ्लँकर, पण पूर्वी हूकरची जागा सांभाळलेला. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेवरून आत, चेंडू फेकताना अडचणी आल्या, संघानं दम धरला आणि पोलार्डच्या चारही पेनल्टींच्या बळावर न्यूझीलंडला १२–११ असं हरवलं. एका खेळाडूनं दोन जागा सांभाळणं किती मोलाचं असतं हे यातून कळतं. त्याचबरोबर हेही कळतं की एकच माणूस दोन रकान्यांत लिहिला तर कागदावर दोन दिसतात, मैदानावर एकच असतो.

मग अशी फळी तयार कशी करतात? सामने देऊन. दुसरा मार्ग नाही. आयर्लंडनं २०२२ साली न्यूझीलंडच्या दौऱ्यावर तीन कसोट्यांबरोबर माओरी ऑल ब्लॅक्सविरुद्ध आठवड्याच्या मध्ये दोन सामने मुद्दाम घेतले आणि त्यांत राखीव खेळाडू उतरवले. पहिला हरले, दुसरा जिंकले. त्याच दौऱ्यात त्यांनी न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली, २–१. बाकावर बसून कोणी तयार होत नाही. राखीव खेळाडूला हरण्याचा सामनाही हक्कानं मिळाला पाहिजे.

आता आपल्याकडे येऊ. रग्बी मुंबईला नवी नाही. बॉम्बे जिमखाना १८७५चा आणि अखिल भारतीय स्पर्धेची परंपरा १९२४पासूनची. पण शतकभर हा खेळ मोठ्या शहरांतल्या क्लबांत आणि लष्करात राहिला. तो बाहेर पडला तो गेल्या दोन-अडीच दशकांत, आणि त्यात मुलींनी मोठी मजल मारली. भारताच्या महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीत पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ साली सिंगापूरमध्ये खेळला. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. पेशानं ती फिजिओथेरपिस्ट. पुण्याचीच नेहा परदेशीही भारताकडून खेळलेली. पुढच्याच वर्षी फिलिपाइन्समध्ये या संघानं सिंगापूरला २१–१९ असं हरवून पहिला विजय मिळवला. अखेरच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी मारली ती ओडिशाच्या सुमित्रा नायकनं.

भारतीय निवडकर्त्यांपुढे दोन अडचणी अशा आहेत ज्या आयर्लंडपुढे नाहीत. पहिली पात्रतेची. जागतिक रग्बीच्या नियमानुसार आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या देशात जन्मलेले असतील तरी खेळाडू पात्र ठरतो आणि ६० महिने वास्तव्य असलं तरी चालतं. इतर देश याचा भरपूर उपयोग करतात. भारत सरकारचं धोरण मात्र भारतीय पासपोर्ट हवाच असं आहे. इंग्लंडमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये वाढलेला मराठी घरातला मुलगा कितीही तयार असला, तरी तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल तर आपल्या तक्त्यात बसत नाही. म्हणजे आपली फळी इथल्याच मातीतून उभी करावी लागणार.

दुसरी अडचण उपलब्धतेची. आपले बहुतेक खेळाडू व्यावसायिक नाहीत. कुणाची परीक्षा असते, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न ठरलेलं. तक्त्यात तीन नावं असून शिबिराच्या पहिल्या दिवशी एकच हजर असेल, तर त्या जागेची फळी एकाचीच धरायची.

सात जणांच्या रग्बीत तर हे जास्तच बोचतं. मैदान तेवढंच मोठं, खेळाडू निम्मे, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि एका दिवसात दोन-तीन सामने. तीन फॉरवर्ड, चार बॅक आणि पाच राखीव मिळून बारा जण. पहिले सात कितीही चांगले असोत, दुसऱ्या दिवशी दुपारी सामना जिंकून देतात ते आठवा ते बारावा.

भारताच्या महिला संघात या बारांत कोण येतं ते पाहा. श्वेता शाही बिहारच्या नालंदा जिल्ह्यातली. संध्या राय उत्तर बंगालमधल्या सरस्वतीपूरच्या चहामळ्यातली. ओडिशाच्या मुलींची तर एक अख्खी फळी भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतल्या आदिवासी निवासी शाळेतून आलेली. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या अंतिम फेरीत महाराष्ट्र ओडिशाकडून हरला. महाराष्ट्राकडे गुणी मुली नक्कीच आहेत. ओडिशाकडे मात्र एका मुलीमागे दुसरी आणि तिसरी उभी होती, रोज एकाच मैदानावर एकत्र सराव केलेली.

म्हणूनच हा विषय शिरपूरमध्ये बसून लिहावासा वाटतो. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या देखरेखीखाली या तालुक्यातले नाले रुंद आणि खोल केले गेले, बिनदारांचे बंधारे बांधले गेले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गेला. त्याचं यश कुणी जुलैच्या पुरावरून मोजलं नाही. मे महिन्यात विहिरीत पाणी किती, यावरून मोजलं. संघाची ताकदही तशीच दोन मुख्य खेळाडू जायबंदी झाल्यावर मोजायची असते. जिल्हा निवड चाचणीत एका दिवसात जो चमकतो त्याला घेऊन बाकीच्यांना घरी पाठवणं, हे पुराच्या दिवशी पाणी मोजण्यासारखं आहे.

बोराडी, सांगवी, पळासनेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात कबड्डी, खो-खो खेळणारी, लांब धावणारी मुलं-मुली आहेत. कबड्डीत पकड करणाऱ्याला खाली वाकून, खांदा लावून, दोन्ही हातांनी पाय बांधायला शिकवावं लागत नाही आणि रग्बीच्या टॅकलचा पायाही तोच आहे. बिहारची स्वीटी कुमारी आधी धावपटू होती, मग रग्बीत आली आणि आशियातल्या वेगवान खेळाडूंत गणली गेली. दुसऱ्या खेळातून आलेला खेळाडू हा आपल्यासारख्या देशासाठी फळी वाढवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

चाचणी घ्यायला मोठा खर्चही लागत नाही. जगभरचे रग्बी संघ ‘ब्रॉन्को’ नावाची चाचणी घेतात. ती अशी. मैदानावर फक्कीनं शून्य, २०, ४० आणि ६० मीटरवर रेषा मारायच्या. खेळाडूनं २० मीटर जाऊन परत यायचं, मग ४० जाऊन परत, मग ६० जाऊन परत. ही झाली २४० मीटरची एक फेरी. अशा पाच फेऱ्या न थांबता, एकूण १२०० मीटर. स्टॉपवॉचवर वेळ लिहायची. पाच मिनिटांच्या आत येणारा दमदार. पण चांगला क्रीडाशिक्षक इथे थांबत नाही. पोरगं धापा टाकत असतानाच तो त्याच्या हातात चेंडू देतो आणि डावीकडे दहा, उजवीकडे दहा पास द्यायला सांगतो. ताज्या दमात सगळेच नीट पास देतात. दमल्यावर डाव्या बाजूच्या पासाची दिशा कुणाची बिघडते, कुणाची टिकते, हे वहीत लिहायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा, महिन्यानं पुन्हा. तीन नोंदींत जो पोरगा सुधारत जातो तो पहिल्या दिवशी आठवा असला तरी त्याला सोडायचं नाही.

उपलब्धतेचा रकानाही इथे खरेपणानं भरावा लागेल. दिवाळीनंतर या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि मुलंही बरोबर जातात. चाचणी नेमकी तेव्हा ठेवली तर सगळ्यात चपळ पोरं यादीत येतच नाहीत. मग ‘तालुक्यात खेळाडू नाहीत’ असा शेरा पडतो. खेळाडू असतात, तारीख चुकलेली असते. निवासी आश्रमशाळांची मैदानं, शनिवार-रविवारचे सामने आणि पावसाळ्यानंतर लगेच चाचणी, एवढं जमवलं तरी रकाने भरू लागतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. राष्ट्रीय संघाची निवड दिल्लीत किंवा मुंबईत जाहीर होते, पण निवडीला नावं पुरवण्याचं काम तालुक्याचं आहे. निवड समितीला कौशल्य पारखता येतं, नसलेला तिसरा प्रॉप उभा करता येत नाही. तो शाळेत, वयाच्या चौदाव्या वर्षी, राखीव संघालाही पूर्ण सामना मिळाला तरच उभा राहतो. म्हणून शिरपुरातल्या क्रीडाशिक्षकांना एकच विनंती. संघ कोणत्याही खेळाचा असो, कबड्डीचा, खो-खोचा वा उद्या रग्बीचा, जागेवार तक्ता मांडा, प्रत्येक जागेपुढे तीन नावं लिहा आणि या हंगामात तिसऱ्या नावाला किती मिनिटं खेळायला मिळाली ते मोजा. तो आकडा शून्य असेल तर पुढच्या सामन्यापासून बदला.

(पुढील लेखांकात : दुखापतीतून परतलेला खेळाडू खरोखर तयार झाला, हे कसं ठरवतात?)