पीआर क्रमांक १७४९४

आर या संगणकभाषेत सीड म्हणून १२३ हा आकडा द्यायचा आणि १ ते १० हे आकडे पिसून मागायचे. कित्येक वर्षं त्याचं उत्तर एकच यायचं: ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५. २६ एप्रिल २०१९ ला आरची ३.६.० ही आवृत्ती निघाली आणि तेच दोन हुकूम दिल्यावर ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४ असा क्रम यायला लागला. सीड म्हणजे यादृच्छिक आकड्यांची रांग कुठून सुरू करायची हे ठरवणारा आकडा. सीड तेच असेल तर रांगही तीच निघाली पाहिजे, म्हणजे एकाने केलेलं काम दुसऱ्याला ताडून बघता येतं. अभ्यासक्रमाच्या टिपणांत, छापील पुस्तकांत, शोधनिबंधांच्या पुरवण्यांत जिथे जिथे अशी उत्तरं होती, ती एका रात्रीत जुळेनाशी झाली. आरच्या मंडळींनी हे पूर्ण विचार करून केलं होतं. आधीच्या पद्धतीत एक चूक होती, ती कुणीतरी दाखवून दिली होती, आणि ती सुधारायची तर इतकी उलथापालथ सोसणं भाग होतं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर लिहायला घेतली. नमुना होता बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवलेल्या एस या भाषेचा. झुरिकच्या मार्टिन मेक्लर यांनी आग्रह धरला म्हणून १९९५ मध्ये आर मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली झाली. १९९७ मध्ये तिची देखभाल करणारा ‘कोअर’ गट तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २००० ला १.० आवृत्ती आली. आजही हा गट वीसेक जणांचाच आहे. कोपनहेगन, झुरिक, व्हिएन्ना, प्राग, आयोवा, ऑकलंड अशा ठिकाणी बहुतेक जण विद्यापीठातली नोकरी सांभाळून हे काम करतात. दिल्लीच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेतले दीपायन सरकार त्यांच्यापैकीच एक. आपल्याकडे पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं ‘स्टॅटिस्टिक्स यूझिंग आर’ हे पुस्तक आल्यालाही आता बरीच वर्षं झाली. संख्याशास्त्राचा विद्यार्थी आणि आर ही जोडी इथे रुळलेली आहे.

इतर सॉफ्टवेअरमधला बग बहुधा स्वतःहून आरडाओरडा करतो. ॲप बंद पडतं, पडदा गोठतो, पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही. वापरणारा लगेच तक्रार करतो. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला वाईट बग मात्र नीटनेटकं उत्तर देतो. दशांशचिन्हानंतर चार आकडे, शेजारी प्रमाणत्रुटी, सगळं जिथल्या तिथे. ते उत्तर चूक आहे हे कळायला बरोबर उत्तर काय हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असतं तर आकडेमोड करायला कोण बसलं असतं?

२००२ मध्ये अमेरिकेत याचा मोठा धडा मिळाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ९० मोठ्या शहरांच्या आकडेवारीवरून हवेतले धूलिकण आणि मृत्यू यांचा संबंध मोजला होता. पीएम १० चं प्रमाण घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढलं की मृत्यूंचं प्रमाण ०.४१ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांचं अनुमान होतं. हवेच्या नियमनावरची चर्चा अशा आकड्यांवर चालते. आकडेमोड झाली होती एस-प्लस या एसच्या व्यापारी भावंडात. त्यातली एक पद्धत उत्तराच्या जवळ टप्प्याटप्प्याने सरकत जाते आणि ‘आता पुरे’ कधी म्हणायचं याची मर्यादा सॉफ्टवेअरनेच आधी ठरवून ठेवलेली होती. ती फार ढिली होती, त्यामुळे आकडेमोड लवकरच थांबत होती. मर्यादा कडक केल्यावर ०.४१ चे ०.२७ झाले. धूर माणसं मारतो हा निष्कर्ष टिकला, पण किती मारतो याचं उत्तर तिसऱ्या हिश्श्याने खाली आलं. संशोधकांनी ते स्वतःच शोधून स्वतःच जाहीर केलं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

आरमध्ये अशी शंका आली तर काय करायचं, हे आरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत तपशिलाने लिहिलेलं आहे. त्यातला एक दाखला प्रत्येक संशोधन पद्धतीच्या वर्गात शिकवावा इतका चांगला आहे. समजा, एका मोठ्या माहितीसंचावर तुम्ही सारणी बनवायचा हुकूम दिला. रकान्यांची नावं एक्स, वाय, झेड, मंडे, ट्यूसडे. हुकूम चालतच राहिला, संपेना. तर ‘मोठ्या माहितीसंचावर सारणी बनत नाही’ असं कळवू नका. कदाचित रकान्याला वाराचं नाव असल्यामुळे ते अडकत असेल. तुमचा रिपोर्ट वाचून दुरुस्ती करणारा मोठा माहितीसंच घेऊन बसेल, त्यात वारांची नावं नसतील, त्याच्याकडे सगळं सुरळीत चालेल आणि बग तसाच राहील. जे घडलं ते सांगा, का घडलं असेल याचा तर्क त्यात मिसळू नका.

म्हणून चांगला बग रिपोर्ट छोटा असतो. ज्या तीनशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये गडबड दिसली त्यातली एकेक ओळ काढत जायचं आणि गडबड अजून होते का ते बघायचं. आपली माहिती बाजूला ठेवून कुणालाही टंकता येईल अशा पाच-सहा आकड्यांवर तीच गडबड करून दाखवायची. आर नव्याने, कोरी उघडून पुन्हा चालवायची, म्हणजे आधीच्या कामाचा उष्टा-खरकटा भाग मध्ये येत नाही. काय मिळालं, काय मिळायला हवं होतं, आरची आवृत्ती कोणती, संगणक कोणता, कोणती पॅकेजं उघडी होती, हे सगळं जोडायचं. यात अख्खी दुपार जाते. पुष्कळदा त्या दुपारीच उलगडतं की बग आरमध्ये नव्हताच. तो एखाद्या पॅकेजमध्ये असतो, आणि मग त्या पॅकेजच्या देखभालकर्त्याला कळवायचं असतं. नाहीतर तो आपल्याच ओळीत सापडतो.

काही वेळा तर बग कुठेच नसतो. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का, असं आरला विचारलं तर ती ‘फॉल्स’ म्हणते. प्रश्नोत्तरांतला ७.३१ क्रमांकाचा प्रश्न याच्यासाठीच आहे आणि जुनेजाणते लोक नुसता तो क्रमांक सांगूनच उत्तर देतात. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो, त्यात ०.१ हा आकडा कधीच पुरा लिहून होत नाही, जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात पुरा लिहिता येत नाही. नव्या माणसाला हा धक्का बसायलाच हवा. ज्याला तो बसला नाही, त्याने आकड्यांकडे पुरतं बघितलेलं नसतं.

रिपोर्टांची नोंदवही आधी कोपनहेगनमध्ये जिटरबग नावाच्या व्यवस्थेत होती, नंतर ती बगझिलावर आली. प्रत्येक रिपोर्टला पीआर क्रमांक मिळतो. जाहिरातबाजांनी उच्छाद मांडल्यामुळे २०१६ पासून तिथलं खातं मागून घ्यावं लागतं. पीआर १७४९४ हा सुरुवातीच्या उलथापालथीमागचा क्रमांक.

२०१८ मध्ये बर्कलीच्या केली ऑटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी आरमधल्या ‘सॅम्पल’ या फंक्शनवर बोट ठेवलं. स्टार्क निवडणुकीतल्या मतपत्रिकांची नमुना-तपासणी करायच्या पद्धतींसाठी ओळखले जातात, तेव्हा नमुना खरोखरच निःपक्षपातीपणे निवडला जातो का, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. आरची जुनी पद्धत सरळ होती: ० आणि १ यांच्यामधला एक यादृच्छिक अपूर्णांक घ्या, त्याला एकूण संख्येने गुणा, दशांश भाग टाकून द्या. वर्गात आपण हेच शिकवतो. अडचण अशी की तो अपूर्णांक ३२ बिटांतून येतो, म्हणजे त्याच्या शक्य किमती अगणित नाहीत, सुमारे ४२९ कोटी ४९ लाखच आहेत. त्या किमती निवडायच्या आकड्यांत समान वाटल्या जायला हव्यात, आणि भाग पूर्ण जात नसेल तर तसं होऊच शकत नाही.

आर-कोअरमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या डंकन मर्डॉक यांनी हे तीन ओळींत उघडं केलं. दोनाचा ३२ वा घात घ्या आणि त्याचा दोन पंचमांश काढा, म्हणजे साधारण १७१ कोटी ७९ लाख. तेवढ्या आकड्यांतून दहा लाख आकडे उचला आणि सम किती, विषम किती ते मोजा. निम्मे-निम्मे यायला हवेत. येतात जवळपास ४ लाख सम आणि ६ लाख विषम. हे असं का होतं ते कागदावर मांडता येतं. दर दोन आकड्यांच्या वाट्याला पाच किमती येतात. पाच लाडू दोन मुलांत न मोडता वाटायचे तर एकाला तीन, दुसऱ्याला दोन. इथे तिसरा लाडू दर वेळी विषम आकड्यालाच मिळतो. कुठलाही संशयी वाचक हे स्वतः करून बघू शकतो. मला विचाराल तर बग रिपोर्ट या लेखनप्रकाराचा हा आदर्श नमुना आहे.

आक्षेप घेता येण्यासारखा होता: १७१ कोटींतून नमुना काढतो कोण? शंभर-हजारांतून निवडताना फरक इतका सूक्ष्म की तो कुणाला कधी जाणवणार नाही, आणि त्यापायी जगभरची जुनी उत्तरं मोडायची? हा आक्षेप हलका नव्हता. तरीही दुरुस्ती झाली आणि ती योग्यच झाली असं माझं ठाम मत आहे. जे फंक्शन ‘सगळ्यांना समान संधी’ असं वचन देतं, त्याने ते पाळलं पाहिजे. कितीपर्यंतचं अपुरं वचन चालेल हे वापरणाऱ्याच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवू नये.

नवी पद्धत अशी. दहांतून एक निवडायचा तर चार बिट घ्यायचे. त्यांतून ० ते १५ पैकी एक आकडा येतो. तो ० ते ९ मधला असेल तर ठेवायचा, १० किंवा पुढचा असेल तर टाकून द्यायचा आणि पुन्हा काढायचा. थोडे आकडे वाया जातात, पण उरलेल्यांपैकी प्रत्येकाची संधी समान राहते. आकडे टाकले जातात म्हणून रांगही बदलते, आणि म्हणूनच ३ च्या मागून ८ च्या जागी १० आला.

जुन्याचं काय करायचं, हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. आरमध्ये आजही जुनी पद्धत ‘राउंडिंग’ या नावाने शिल्लक आहे. ३.५.० आवृत्तीची रांग हवी असं एका हुकमाने सांगता येतं, मग २०१५ च्या निबंधातला आकडा जसाच्या तसा निघतो. मात्र ही पद्धत समान संधी देत नाही अशी ताकीदही पडद्यावर उमटते. चुकीचं गणित पुसून टाकलं असतं तर आधीच्या संशोधनाची तपासणीच अशक्य झाली असती. आवृत्तीसोबतच्या बातमीपत्रात ऑटोबोनी आणि स्टार्क यांचा उल्लेख आहे, दुरुस्ती लिहिल्याबद्दल मर्डॉक यांचे आणि मदतीबद्दल गेब बेकर यांचे आभार आहेत. बदल का केला, कुणी दाखवला, चर्चा कुठे आहे, सगळं चार ओळींत.

दुसरी एक दुरुस्ती याहून सावकाश झाली. पन्नास रुग्णांच्या रक्तदाबाची यादी दिली आणि ‘रक्तदाब १४० च्या वर असेल तर’ अशी अट घातली, तर आर फक्त पहिल्या रुग्णाकडे बघून निर्णय घ्यायची. पडद्यावर ताकीद यायची, पण ताकिदी वाचतो कोण? हे थेट बंद केलं असतं तर असंख्य पॅकेजं कोसळली असती. म्हणून २०१७ च्या ३.४.० मध्ये एक चाचणीचा खटका दिला, तो चालू केला की अशा जागी प्रोग्रॅम थांबतो. पॅकेजं लिहिणाऱ्यांनी आपापली घरं आवरायला घेतली. २०२२ च्या ४.२.० मध्ये खटका उरला नाही, प्रत्येकासाठी ती थेट चूक झाली. पाच वर्षं! सीआरएएन या आरच्या भांडारात हजारो पॅकेजं एकमेकांवर रचलेली आहेत आणि मूळ भाषेतला एक शब्द हलला तर वर काय काय हलतं हे सगळं चालवून बघावं लागतं. बग सुधारला की त्याची छोटी चाचणी स्रोतातल्या चाचण्यांच्या फायलीत लिहून ठेवतात, आणि पुढे कुणी तीच चूक पुन्हा आणली तर ती लगेच पकडली जाते.

वीस माणसं हे सगळं एकट्याने ओढू शकत नाहीत, म्हणून अलीकडे बाहेरच्यांना हाताशी धरायचे प्रयत्न चालले आहेत. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात त्यासाठी खास मेळावा भरला होता. त्यात सी भाषेतले निष्णातच लागतात असं नाही. नोंदवहीत जुने रिपोर्ट पडून असतात. एखादा उघडावा, त्यातला नमुना आजच्या आवृत्तीवर आणि विकासातल्या आवृत्तीवर चालवून बघावा, ‘अजून होतंय’ किंवा ‘आता होत नाही’ एवढं पुराव्यानिशी लिहावं. नमुना लांबलचक असेल तर कापून पाच ओळींवर आणावा. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला हे एका रविवारी जमेल, आणि तिने कापून दिलेल्या पाच ओळींमुळे प्रागमधल्या किंवा झुरिकमधल्या कुणाची तरी एक दुपार वाचेल.