काळा चष्मा : शोभा आणि संरक्षण

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यांत दुसरबीड नांवाचें गांव आहे. वीस अंश उत्तर अक्षांशाच्या अगदीं लगत तें वसलेलें असल्यामुळें मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास तेथें भर दुपारीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखालीं नाहींशी होते. डोळ्यांना सर्वांत मोठा धोका त्याच घटकेस असला पाहिजे, असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति थोडी निराळी आहे. माथ्यावरच्या सूर्यापासून कपाळ, भुवई व वरची पापणी डोळ्यांना आडोसा देतात. सकाळीं नऊच्या आणि दुपारीं तीनच्या सुमारास सूर्य तिरपा असतो. तेव्हां त्याचे किरण समोरून आणि कानशिलाकडून थेट डोळ्यांत शिरतात. कपाशीच्या शेतांत राबणारी बाई पदर कपाळावर पुढें ओढून घेते, त्यांत लज्जेपेक्षां शहाणपणच अधिक असावें. पुरुषाचा फेटा डोकें राखतो. डोळे राखीत नाहीं.

काळ्या चष्म्याची निवड खरें पाहतां येथून सुरू व्हावयास हवी. ती बहुधा कांचेच्या काळेपणापासून सुरू होते. उन्हाचा लखलखाट डोळे दिपवितो हें खरें. परंतु दीर्घ काळानें अपाय करतात ते मुख्यतः जंबुपार, म्हणजे हल्लीं ज्यांना अतिनील म्हणतात, ते किरण. ते दिसत नाहींत, त्यांची उष्णताहि जाणवत नाहीं. वर्षानुवर्षें ते सोसल्यानें मोतीबिंदूचा संभव वाढतो. बुबुळावर चढत जाणारें मांसल पटल, ज्यास वडस म्हणतात, तेंहि उन्हांत राबणाऱ्यांमध्यें विशेष आढळतें. हें पटल बहुतेक वेळां नाकाकडच्या कोपऱ्यापासून वाढूं लागतें. त्याचें एक कारण असें सांगतात कीं, कानशिलाकडून आलेला किरण बुबुळाच्या गोलाईमुळें वळतो आणि पलीकडे, नाकाच्या बाजूच्या कडेवर एकवटतो. समोरची कांच कितीहि उत्तम असली तरी चष्म्याची बाजू उघडी असेल, तर हा किरण आंत येतोच.

नुसत्या गडद रंगाचा या कामीं उपयोग नाहीं. किंबहुना गडद कांचेमागें डोळ्यांची बाहुली विस्फारते आणि डोळे बारीक करण्याचें कारण उरत नाहीं. अशा वेळीं कांचेनें जंबुपार किरण अडविले नाहींत, तर ते अधिकच आंत जातात. उलट पॉलिकार्बोनेटचें भिंग पाण्यासारखें स्वच्छ असलें तरी हे किरण जवळजवळ सर्व अडवितें. कांचकारखान्यांतील कामगारांना मोतीबिंदूपासून वांचविण्यासाठीं सर विल्यम क्रूक्स यांनीं १९१३ च्या सुमारास कांचेंत सीरियम धातूचें संयुग मिसळून भिंगें तयार केलीं. डोळ्यांपुढें अंधार न करतां अपायकारक किरण कसे वगळावे, हाच प्रश्न त्यांच्यापुढें होता.

विकत घेतांना चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ अशीं अक्षरें असावींत. ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगांचे किरण भिंग अडवितें, असा त्यांचा अर्थ. अर्थात् चिठ्ठी कोणीहि चिकटवूं शकतो. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हें तपासण्याचें लहानसें यंत्र असतें. त्याखालीं भिंग धरून दाखविण्यास सांगण्यांत संकोच कसला? रस्त्याच्या कडेला टांगलेला स्वस्त चष्मा वाईटच असतो असें नव्हे, परंतु तेथें पारख करण्याची सोय नसते.

गडदपणाची प्रतवारी शून्यापासून चारपर्यंत असते. आपल्याकडील उन्हास तिसरी प्रत पुरेशी. तींतून शेंकडा ८ ते १८ इतकाच प्रकाश पार होतो. चौथी प्रत मोटार हांकतांना वापरूं नये, आणि दिवेलागणीनंतर तर कोणताच काळा चष्मा नको. राखाडी भिंगांतून रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरींतून वस्तूंच्या कडा अधिक ठळक होतात. पोलराइज्ड भिंग ओल्या रस्त्यावरून किंवा पाण्यावरून उसळणारी झळाळी मोडतें. मात्र झळाळी मोडणें आणि जंबुपार किरण अडविणें या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत.

राहिला प्रश्न शोभेचा, आणि येथें नशीब बरें आहे. डोळा नीट झांकणारी मोठी, कानशिलाकडे किंचित् वळलेली चौकट बहुतेक चेहऱ्यांना शोभते. वैमानिकांचा म्हणून प्रसिद्ध असलेला थेंबाच्या आकाराचा चष्मा १९३० नंतरच्या दशकांत आला तो वैमानिकाची दृष्टि खालच्या उपकरणांकडे वळली तरी डोळा झांकलेला राहावा म्हणून. त्याची ऐट मागाहून जगानें उचलली. गोल चेहऱ्यास कोनदार चौकट आणि चौकोनी चेहऱ्यास गोलसर चौकट खुलून दिसते, असा सर्वसाधारण प्रघात आहे. इवल्याशा गोल कांचा नाटकांतल्या पात्रास शोभतील. उन्हांत त्यांचा उपयोग थोडा. चष्मा आरशासमोर चढवून वरून व बाजूनें किती फट राहते तें पाहावें, मान खालीं घालून तो घसरतो काय हेंहि पाहावें. नाकावरून उतरलेला चष्मा भुवईखालीं मोकळी वाट ठेवतो.

मुलांच्या डोळ्यांतील भिंग मोठ्यांच्यापेक्षां अधिक पारदर्शक असल्यामुळें त्यांना खेळण्यांतला चष्मा देऊं नये. खराच द्यावा, त्यावर रुंद कडेची टोपीहि. ज्यांना नंबर आहे त्यांनीं त्याच नंबराचीं रंगीत भिंगें करवून घ्यावींत. धुळीनें भरलेलें भिंग कोरडें पुसल्यास ओरखडे उठतात, म्हणून तें आधीं पाण्यानें धुवावें. आणि उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत समोरच्या कांचेखालीं चष्मा ठेवूं नये, कारण त्या तापानें चौकट वांकते व भिंगावरील लेप तडकतो.