‘वुड’ला विचारा, संधी आहे की गेली!

मैत्रीण बॉसला वैतागलीये. रात्री अकरा वाजता तिची सात मिनिटांची व्हॉइस नोट येते. ती ऐकून तुम्ही सांगता, ‘मी तुझ्या जागी असते ना, तर सोडली असती नोकरी!’ तिला बरोब्बर कळतं, तुम्ही तिला आत्ता राजीनामा टाक म्हणताय. आता हेच वाक्य इंग्लिशमध्ये टाइप करून बघा. आपल्यातले बरेच जण लिहितील, ‘इफ आय वेअर यू, आय वुड हॅव लेफ्ट द जॉब.’ व्याकरणाची चूक काढून दाखवा, सापडणार नाही. पण अर्थ सरकला. ऐकणाऱ्याला वाटेल, ‘मी तर कधीच सोडली असती, तू अजून तिथेच?’ सल्ल्याचा टोमणा झाला की! तुम्हाला म्हणायचं होतं, ‘आय वुड लीव्ह.’

हा घोळ इंग्लिश कच्चं असल्यामुळे होतो असं नाही. तो मराठी पक्कं असल्यामुळे होतो. ‘आज सुट्टी असती तर मी तुझ्याबरोबर आलो असतो.’ हे वाक्य मित्र सकाळी आठला म्हणाला, तर ट्रिप अजून निघायचीये. रात्री दहाला म्हणाला, तर सगळे फिरून परत आलेत. वाक्य तेच! आपला ‘असता’ दोन्हीकडे चालतो. त्याला फक्त एवढंच सांगायचं असतं, की हे प्रत्यक्षात नाहीये. स्पर्धा परीक्षेवाल्यांना याचं नाव पाठ असेल : संकेतार्थ.

इंग्लिशला मात्र आणखी एक गोष्ट हवी असते. संधी अजून आहे की हातची गेली? आहे, तर ‘आय वुड कम’. गेली, तर ‘आय वुड हॅव कम’. मध्ये थांबायची सोय नाही. फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल असे तक्ते आपण अकरावीत घोकलेले असतात, पण हा एक प्रश्न स्वतःला विचारला तर तक्त्याशिवायही निम्मं काम होतं.

प्लेसमेंटचा सीझन तोंडावर आहे म्हणून सांगते. इंटरव्ह्यूत हमखास येणारा प्रश्न घ्या : ‘क्लायंटनं तुमचं डिझाइन रिजेक्ट केलं, तर व्हॉट वुड यू डू?’ उत्तर आलं, ‘आय वुड हॅव टॉक्ड टू हिम.’ समोरचा गोंधळतो. हे खरंच कधी घडलं होतं का? मग बोलला का नाहीस? इथे साधं ‘आय वुड टॉक टू हिम’ पुरतं. पण लगेच पुढचा प्रश्न असतो, ‘तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये व्हॉट वुड यू हॅव डन डिफरंटली?’ प्रोजेक्ट सबमिट होऊन गेलाय. आता ‘हॅव’ हवंच. ‘आय वुड हॅव स्टार्टेड अर्लियर.’ दोन प्रश्न, कानाला जवळपास सारखे. एक तुमची कल्पनाशक्ती तपासतो, दुसरा तुम्ही झालेल्या कामाकडे कसं बघता ते. उत्तरात फॉर्म उलटे पडले, तर चांगला मुद्दाही वाया जातो.

‘पण काल्पनिक गोष्टीला भूतकाळ कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. ‘इफ आय हॅड मनी’ म्हणताना बोलणं आजचं आणि क्रियापद कालचं. इथला भूतकाळ वेळ सांगत नाही, अंतर सांगतो, वास्तवापासूनचं अंतर. आणि हे आपल्याला अजिबात परकं नाही. सरांच्या केबिनच्या दारात उभं राहून तुम्ही काय म्हणता? ‘सर, जरा बोलायचं होतं.’ होतं? बोलायचं तर आत्ता आहे! आपणही भूतकाळ वापरून अदबीचं एक पाऊल मागे सरकतो. ‘वुड यू प्लीज’मधलं ‘वुड’ अगदी हेच करतं.

एक खड्डा मात्र सांभाळा. ‘उद्या पाऊस पडला तर मॅच रद्द होईल’ यात आपण ‘पडला’ म्हणतो, पण पाऊस खरोखर पडू शकतो. इंग्लिशमध्ये इथे ‘इफ इट रेन्स’. त्याचं ‘इफ इट रेन्ड’ केलंत, तर तुम्हाला पाऊस पडेलसं फारसं वाटत नाही, असा सूर लागतो.

अदबीच्या याच ‘वुड’मुळे आपल्याकडच्या मेल्समध्ये एक गंमत होते. ‘आय वुड बी जॉइनिंग ऑन मंडे.’ लिहिणाऱ्याला वाटतं, ‘विल’पेक्षा हे जास्त सभ्य. वाचणारा मात्र पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. जॉइन झालो असतो, पण... पण काय? सोमवारी नक्की येणार असाल तर ‘आय विल’ लिहा. त्यात काहीही उद्धट नाही.

बातम्यांमध्ये तर हे प्रकरण चांगलंच गंभीर होतं. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह आठवतोय? डिसेंबर २०२४ मध्ये तो सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या थोडी वर गेली होती. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया आल्यानं मुंबईचंही नाव झळकलं. नवी निरीक्षणं मिळाली आणि काही दिवसांत शक्यता जवळजवळ शून्यावर आली. अशा बातमीत इंग्लिश दोन वेगळी कामं दोन शब्दांना वाटून देते. ‘कुड हिट’ म्हणजे आदळू शकतो, ही झाली शक्यता. ‘इट वुड डिस्ट्रॉय अ सिटी’ म्हणजे आदळलाच, तर शहर उद्ध्वस्त होईल, हा झाला परिणाम. ‘वुड’ मागचा ‘जर’ पोटात घेऊन फिरतो, तो लिहिलेला असो वा नसो. त्याचं ‘करणार’ केलं, की ते ३ टक्के गायब आणि सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार!

सध्या डेस्कवर इंटर्नशिप करताना एजन्सीच्या इंग्लिश बातम्या भाषांतराला येतात. त्यात ‘द बिल वुड बॅन...’ असं वाक्य वरचेवर भेटतं. याचा अर्थ ‘बंदी येणार’ असा नाही. विधेयक अजून मंजूर व्हायचंय. आपल्याकडे यासाठी झकास प्रत्यय आहे : ‘विधेयक मंजूर झाल्यास बंदी येईल.’ ‘विनातिकीट आढळल्यास दंड’ या पाटीतला हा ‘ल्यास’ आपण उगाच सरकारी समजतो. हेडलाइनमध्ये जागा नसली, की मराठी पेपर ‘बंदी येणार?’ असं प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतात. मला ‘ल्यास’ जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि अपघाताच्या बातमीत तर जीवच टांगणीला लागतो. ‘वुड हॅव डाइड’ म्हणजे मेला असता, म्हणजे माणूस जिवंत आहे. ‘मे हॅव डाइड’ म्हणजे मेला असावा, म्हणजे अजून कुणालाच माहीत नाही. मराठीत ‘असता’ आणि ‘असावा’ यांत एवढासा फरक, पण त्या माणसाच्या घरी बातमी वाचणाऱ्यांना विचारा. ‘माईट हॅव डाइड’ सगळ्यात लबाड, ते दोन्ही बाजूंनी बोलतं. ते दिसलं की मी पुढचे दोन पॅरा वाचून माणूस हॉस्पिटलमध्ये आहे की बेपत्ता, ते आधी शोधते आणि मगच पहिली ओळ टाइप करते.