नव्या गाडीत ट्रॅकर : बसवायचा कोणी आणि कशासाठी?

नवी गाडी ताब्यात घ्यायला गेलेल्या माणसाचे मन मोठे झालेले असते आणि शोरूमचा सेल्समन नेमकी हीच वेळ साधतो. सीट कव्हर, मागचा कॅमेरा, खालून मारायचे कोटिंग असे करत करत तो जीपीएस ट्रॅकरवर येतो. "शेठ, गाडी कुठे आहे ते घरबसल्या मोबाईलवर दिसेल. चोरीची चिंताच मिटली!" आठ लाखांच्या गाडीपुढे काही हजार रुपये किरकोळ वाटतात आणि आपण मान डोलावतो. दुकानात गिऱ्हाईकाशी दोन-दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा आपला व्यापारी इथे मात्र एक प्रश्नही विचारत नाही.

पहिला प्रश्न असा की, गाडीत हे यंत्र आधीपासूनच आहे का? २०१९ मध्ये एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू या गाड्या इंटरनेटच्या जोडणीसह बाजारात आल्या. त्यानंतर इतर कंपन्यांनीही आपल्या वरच्या मॉडेलांत ही सोय द्यायला सुरुवात केली. अशा गाडीचा ठावठिकाणा कंपनीच्याच ॲपवर दिसतो. मग वेगळा डबा कशाला?

यंत्राचे काम समजायला अवघड नाही. ते आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडून आपली जागा ठरवते आणि आतल्या सिमकार्डाच्या मदतीने ती जागा कंपनीच्या सर्व्हरला कळवते. तिथून ती आपल्या मोबाईलवर येते. अमेरिकेने २ मे २००० रोजी सामान्य लोकांच्या जीपीएसवरची मुद्दाम घातलेली अडचण काढली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक दहा-वीस मीटरच्या आसपास आली. या धंद्याची खरी वाढ त्यानंतरची. पण उपग्रह दिसले तरी मोबाईलची रेंज लागतेच. मालेगावहून भिवंडीला निघालेली गाडी कसारा घाटात रेंजबाहेर गेली, तर मोबाईलवरचा ठिपका होता तिथेच थांबतो. चांगले यंत्र मधला प्रवास साठवून ठेवते आणि रेंज आल्यावर पाठवते, साध्या यंत्रात तो भाग कोराच राहतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर उपग्रहही दिसत नाही आणि रेंजही मिळत नाही.

आता चोरीचे बघू. सराईत चोराला ट्रॅकर ठाऊक असतो. डॅशबोर्डखाली हात घालून तो वायर तोडतो, किंवा सिग्नल दाबणारा जॅमर लावतो. म्हणून सारा खेळ पहिल्या तास-दोन तासांचा आहे. रात्री दोनला गाडी गेली आणि मालकाला पहाटे नमाजला उठल्यावर कळले, तर ठिपका शेवटचा कुठे दिसला एवढेच हाती लागते. रात्री गाडी हलताच मोबाईलवर घंटा वाजेल अशी सूचना लावली नसेल तर निम्मे पैसे वाया गेले समजा. घंटा वाजली तरी स्वतः पाठलागाला निघू नये. ११२ ला फोन करावा आणि ठिपका पोलिसांना दाखवावा.

काही यंत्रांत मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय असते. विकणारा ती मोठ्या कौतुकाने दाखवतो. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते. हे घाटातल्या उतारावर घडले तर चोराबरोबर समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचाही जीव जाईल. आमचे मत विचाराल तर ही सोय घेऊच नये. घेतलीच तर उभी गाडी पुन्हा सुरू होऊ न देणारी घ्यावी.

चोरीचे नुकसान भरून देतो तो विमा, ट्रॅकर नव्हे. तोही नुसता थर्ड पार्टी असून चालत नाही. त्यात आपल्या गाडीच्या चोरीचा एक पैसाही मिळत नाही, स्वतःच्या गाडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. भरपाईही खरेदीच्या रकमेची नसते. आपल्याकडच्या रूढ कोष्टकाप्रमाणे दोन ते तीन वर्षे जुन्या गाडीच्या किमतीतून ३० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे कंपनीच्या यादीत आठ लाखांची असलेली गाडी विम्याच्या वहीत पाच लाख साठ हजारांची उरते. हा फरक भरून देणारे जोडसंरक्षण मिळते. घराबाहेर रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने हाती असलेला पैसा आधी त्यात घालावा. दोन्ही चाव्या जपाव्यात, दाव्याच्या वेळी कंपनी त्या मागते. गाडी गेल्यावर आधी पोलिसांत फिर्याद द्यावी, मग लगेच विमा कंपनीला कळवावे. फिर्याद तत्काळ दिलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून चोरीचा दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. पण त्या भरवशावर उशीर करू नये.

ट्रॅकरमुळे हप्ता कमी होतो असेही सांगतात. २००२ च्या मोटार दरपत्रकात चोरीविरोधी उपकरणासाठी गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट होती, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि उपकरणाला पुण्याच्या एआरएआय संस्थेची मान्यता असेल तरच. नेमकी किती सूट मिळेल ते विमा कंपनीकडून लिहून घ्या, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

टॅक्सी आणि बस यांची गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या अशा वाहनांत एआयएस-१४० मानकाचे ट्रॅकर आणि संकटकाळचे बटण सरकारने सक्तीचे केले, रिक्षा व दुचाकी त्यातून वगळल्या. गाडी भाड्याने चालवायची असेल तर साधा डबा घेऊन पैसे दुप्पट करू नका. घरच्या खासगी गाडीला ही सक्ती नाही.

मग खासगी गाडीत बसवावा कोणी? जो स्वतःच गाडी चालवतो आणि रात्री अंगणात कुलूप लावून ठेवतो, त्याला गरज नाही. पण आपल्यापैकी अनेकांची एकच गाडी सकाळी घरची आणि दुपारी दुकानाची असते. कधी ड्रायव्हरच्या हाती, कधी भाच्याच्या. साड्यांचे गठ्ठे किंवा फर्निचरची ऑर्डर घेऊन ती दुसऱ्या गावी जाते. गाडी आपल्या हातातून सुटते तिथे यंत्र खरोखर कामाचे आहे. गिऱ्हाईकाला "माल सिन्नरजवळ आहे" असे खात्रीने सांगता येते, डिझेलचा हिशेब जुळतो.

इथेच मोठी चूक होते. अनेक मालक ड्रायव्हरला न सांगता यंत्र बसवतात. दहा वर्षे इमानाने काम करणाऱ्या माणसाला एक दिवस मेकॅनिककडून कळते की शेठ आपल्यावर पाळत ठेवतो. मग तो काहीच बोलत नाही, पण दोन महिन्यांत दुसरीकडे कामाला लागतो. असा माणूस पुन्हा मिळत नाही, आणि ते नुकसान कोणत्याही विम्यात बसत नाही. यंत्र बसवण्यापूर्वी त्याला समोर बसवून सांगावे, मोबाईलवर दाखवावे. कामाचे तास संपल्यावर गाडी त्याच्या घरी राहत असेल तर तो कुठे गेला, कोणाला भेटला, हे बघणार नाही असा शब्द द्यावा आणि पाळावा. हीच नोंद त्याच्याही कामी येते. माल उशिरा आला म्हणून गिऱ्हाईक भांडले, किंवा अपघातात भलत्याच गाडीऐवजी आपला नंबर लिहिला गेला, तर गाडी कुठे होती याचा कागद त्याच्या बाजूने बोलतो.

घ्यायचेच ठरले तर पहिल्या वर्षानंतरचे सिम व सर्व्हरचे भाडे विचारा. भाडे थांबले की यंत्र मुके होते. वायर कापून जोडणी केल्यास नव्या गाडीच्या वॉरंटीवर वाद होऊ शकतो, म्हणून बसवणाऱ्याकडून बिल आणि जबाबदारीचा कागद घ्या. यंत्र बॅटरीतून थोडा थोडा करंट सतत ओढते. हजला गेलात किंवा आखातात मुलाकडे महिना-दीड महिना राहिलात, तर परतल्यावर गाडी सुरू होईलच असे नाही. २०२१ मध्ये आलेला एअरटॅग गाडीत टाकून स्वस्तात काम भागवणारेही भेटतात. तो आजूबाजूच्या मोबाईलवर अवलंबून असतो, शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते.

आणि पुढे कधी गाडी विकाल तेव्हा ॲपमधून तिचे खाते काढून टाका. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर काढायला लावा. नाहीतर आरसी बुकावर तुमचे नाव, पण गाडी रोज रात्री कुठे उभी असते ते जुन्या मालकाच्या खिशात.