मोबाइलातील साठवणीचे गट व बांध

गतवर्षी इंदापूर तालुक्यातील एक पालक आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, चौसष्ट जीबीचा म्हणून मोबाइल घेतला, पण पन्नाससुद्धा हाती लागत नाहीत. बाकीची जमीन कोणी खाल्ली?" शेतकऱ्याच्या मुखी जमिनीची उपमा सहज आली, आणि ती इतकी चपखल आहे की तीच धरून आम्ही हा विषय विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहो.

प्रथम मोजणीचा हिशेब उरकू. कारखानदार ६४ जीबी म्हणतो तेव्हा तो ६४ अब्ज बाइट मोजतो. तेच १०२४ च्या पटीने मोजले असता सुमारे ५९.६ भरतात. यात लबाडी नाही. गुंठा व आर यांतील फरकासारखाच हा फरक होय.

उरलेली जमीन मात्र खरोखरच वाटून दिलेली असते. साठवणीच्या आरंभी एक यादी असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे तीत नोंदलेले असते. तलाठ्याचे दप्तरच म्हणा ना! यादी बिघडल्यास सारेच हरवेल, म्हणून तिची एक नक्कल शेवटी ठेवितात. अँड्रॉइड मोबाइलात 'बूट' हा लहानसा गट यंत्र जागे करितो, 'सिस्टिम' या गटात यंत्राचा सारा कारभार राहतो, 'व्हेंडर' या गटात त्या त्या सुट्या भागांस चालविणाऱ्या आज्ञा असतात, आणि 'युजरडेटा' हा सर्वांत मोठा गट तेवढा मालकाचा. पहिल्या तिन्हींत मालकास नांगर घालता येत नाही. सन २०१६ पासून अनेक मोबाइलांत कारभाराचे गट जोडीने ठेवू लागले. एक चालू असता दुसऱ्यात नवी आवृत्ती भरावयाची, व ती न चालल्यास जुन्याकडे परतावयाचे. सन २०१९ मध्ये 'सुपर' नामक मोठा गट आला; त्याच्या पोटातील बांध गरजेप्रमाणे सरकविता येतात.

येथे उपमा थोडी लंगडी पडते. हे बांध मातीचे नव्हेत. फ्लॅश साठवणीतील जागा पुनःपुन्हा पुसल्याने झिजते. नीरा डाव्या कालव्याखाली उसाला अति पाणी देऊन काही जमिनी खारवटल्या, हे आपण पाहतोच. म्हणून आतील नियंत्रक लिखाण सतत निरनिराळ्या जागी पांगवितो. दप्तरात गट तोच राहतो, खालची जमीन मात्र फिरती असते!

हे सर्व त्या गृहस्थांस समजाविले, ते हसत गेले. परंतु पावसाळ्यात तेच पुन्हा आले, तेव्हा चेहरा उतरलेला होता. मोबाइल सुरू होईना म्हणून कोणा कारागिराने 'फॅक्टरी रिसेट' केले होते. यंत्राचा कारभार तेवढा स्वच्छ होईल, अशी त्यांची समजूत. घडते ते नेमके उलट. रिसेटने कारभाराचे गट जसेच्या तसे राहतात व रिकामा होतो तो 'युजरडेटा'. शिवाय त्या गटातील मजकूर सांकेतिक लिपीत असून तिची किल्लीही नष्ट होते. मग कितीही निष्णात कारागीर आणा, त्यास काही वाचता येत नाही. त्यांच्या दिवंगत मातुःश्रींची सर्व छायाचित्रे त्याच गटात होती.

एक तेवढे सापडले. ते त्यांनी पूर्वी कधी तरी बारामतीस दिलेल्या मुलीच्या मोबाइलावर धाडले होते.