जहाज धक्क्याला, गिऱ्हाईक रांगेत

ऑक्टोबर ते एप्रिल हा आपल्या किनाऱ्यावर परदेशी पर्यटन जहाजांचा हंगाम. पावसाळा सरला की मुंबई, मार्मागोवा, नवे मंगळूर, कोची या बंदरांत क्रूझ जहाजे येऊ लागतात. एका जहाजात हजार, दोन हजार परदेशी प्रवासी असतात. हे प्रवासी सकाळी उतरतात, शहर पाहतात, काही वस्तू विकत घेतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. कुलाब्याचा दुकानदार, क्रॉफर्ड मार्केटचा अत्तरवाला, मटन स्ट्रीटवरचा पितळी व जुन्या वस्तूंचा व्यापारी, कोचीच्या मट्टनचेरीतील काश्मिरी शालवाला, या सर्वांचे अशा दिवसाकडे डोळे लागलेले असतात.

परंतु पुष्कळदा असे होते की जहाज सकाळी सातला धक्क्याला लागल्याची बातमी येते, दुकाने झाडून-पुसून तयार होतात आणि दुपारचे बारा वाजले तरी गिऱ्हाईक दिसत नाही. मग कोणी म्हणतो, या वेळचे प्रवासी कंजूष आहेत. कोणी म्हणतो, गाइडने दुसरीकडे नेले. वास्तविक पाहता त्या वेळी प्रवासी बंदरातच इमिग्रेशनच्या, म्हणजे परदेशी व्यक्तींच्या प्रवेश-तपासणीच्या रांगेत उभा असतो. ही रांग का लागते, ती कोठे कमी होऊ शकते आणि तिचा आपल्या धंद्याशी संबंध काय, हे समजून घेणे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या फायद्याचे आहे.

धक्का लागला म्हणजे दार उघडले असे नाही

जहाज धक्क्याला बांधले गेले तरी लगेच कोणालाही खाली उतरता येत नाही. प्रथम बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. जहाज आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून येत असेल, तर सहा दिवसांच्या आत तेथून निघालेल्या प्रवाशाजवळ लस घेतल्याचा दाखला पाहिजे. केनियातील मोंबासाहून आलेले जहाज हे याचे उदाहरण. त्यानंतर कस्टम्सचे काम आणि मग इमिग्रेशन. प्रवाशांची यादी जहाजाच्या एजंटाने आधीच पाठवलेली असते. तरीही पासपोर्ट, व्हिसा आणि माणूस ही तिन्ही एकमेकांशी जुळतात की नाही, हे अधिकाऱ्याला स्वतः पाहावे लागते. अनेक ठिकाणी बोटांचे ठसे व फोटोही घेतले जातात.

या संबंधीचा कायदा अलीकडेच बदलला आहे. इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आणि १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा परदेशीयांच्या नोंदणीचा कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा असे चार जुने कायदे रद्द झाले. प्रवाशांची माहिती देण्याची जबाबदारी जहाज कंपनीवर आहे. यादीत एक नाव चुकले तरी त्याचा खुलासा होईपर्यंत काम अडते.

हिशोब सोपा आहे

विमानतळावर विमाने दिवसभर थोड्याथोड्या अंतराने येतात आणि एका विमानात दोन-तीनशे माणसे असतात. क्रूझ जहाजाचे तसे नाही. सगळे गाव एकदम दारात येऊन उभे राहते. समजा, १८०० प्रवासी आहेत, तपासणीची १२ टेबले आहेत आणि एका प्रवाशाला ३ मिनिटे लागतात. एका टेबलाच्या वाट्याला १५० प्रवासी आले, म्हणजे ४५० मिनिटे, साडेसात तास! संध्याकाळी निघणाऱ्या जहाजाच्या शेवटच्या प्रवाशाने शहर कधी पाहावे?

आता टेबले तिप्पट, म्हणजे ३६ केली तर हेच काम अडीच तासांत होते. किंवा टेबले १२ च ठेवून प्रत्येक प्रवाशाचा वेळ ३ मिनिटांवरून १ मिनिटावर आणला, तरीही अडीच तासच लागतात. तात्पर्य, रांग दोन मार्गांनी तुटते: टेबले वाढवून किंवा कामाचा मोठा भाग जहाज धक्क्याला लागण्याआधी उरकून. दुसरा मार्ग स्वस्त आहे. जगात काही जहाजांच्या बाबतीत इमिग्रेशनचे अधिकारी आधीच्या बंदरावरच जहाजावर चढतात आणि समुद्रात असतानाच पासपोर्ट तपासून ठेवतात. धक्क्यावर मग फक्त कार्ड पाहून सोडायचे उरते.

ठशांच्या कामात वेळ का जातो, हे आपल्या कारागिरांना सांगायला नको. ज्यांचे आयुष्य हातमागावर, भट्टीजवळ किंवा चामड्याच्या कामात गेले, त्यांचा अंगठा आधारच्या यंत्रावर उमटत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. क्रूझचे प्रवासी बहुसंख्येने वयस्कर असतात. त्यांच्या बोटांची कातडी कोरडी व पातळ झालेली असते. यंत्र दोनदा, तीनदा नकार देते आणि मागची रांग वाढत जाते.

सरकारने काय केले?

काहीच झाले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. ई-व्हिसाची सोय प्रथम विमानतळांपुरती होती. २०१७ पासून ती बंदरांनाही लागू होऊ लागली आणि पुढे मुंबई, मार्मागोवा, नवे मंगळूर, कोची व चेन्नई या बंदरांचा तिच्यात समावेश झाला. ई-व्हिसावर येणाऱ्या क्रूझ प्रवाशांना ठसे देण्यातून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सूटही दिली गेली होती. पण त्यातले शेवटचे महिने कोरोनाने गिळले. जहाजाच्या मार्गावरील सर्व भारतीय बंदरांसाठी एकच ई-लँडिंग कार्ड देण्याची पद्धतही आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना आगमनाचा फॉर्म कागदावर न भरता, येण्यापूर्वी ७२ तासांच्या आत ऑनलाइन भरता येतो.

मुंबईत बॅलार्ड पिअरवरील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेथे चेक-इन व इमिग्रेशनची मिळून ७२ टेबले आहेत आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची क्षमता सांगितली आहे. त्याआधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने क्रूझ भारत मिशन सुरू केले. क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. टर्मिनलची इमारत बंदर प्राधिकरणाची, म्हणजे जहाजबांधणी व बंदर खात्याची. टेबलामागे बसणारा अधिकारी गृहखात्याचा. इमारत एका खात्याने बांधली म्हणून दुसऱ्या खात्याचा माणूस आपोआप तेथे येऊन बसत नाही. टेबले ७२ असोत की १२, रांग किती लवकर सरकेल हे त्या दिवशी किती टेबलांमागे माणूस आहे यावर ठरते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. २०११ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस बंदरात आर्केडिया या ब्रिटिश जहाजाच्या सुमारे दोन हजार प्रवाशांची नव्याने संपूर्ण तपासणी झाली. त्यात बरेच जण वृद्ध होते आणि काहींना सात तासांपर्यंत ताटकळावे लागले, असे ब्रिटिश वृत्तपत्रांनी दिले होते. तेच जहाज त्याआधी अमेरिकेच्या इतर बंदरांना लागून आले होते. पुढे अमेरिकेने अनेक क्रूझ टर्मिनलवर प्रवाशाचा चेहरा आधीच्या फोटोशी यंत्राने जुळवण्याची पद्धत आणली.

पहिले बंदर कोणते, हे आधी विचारा

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. परदेशातून येणारे जहाज भारताच्या ज्या बंदराला प्रथम लागते, तेथे पूर्ण तपासणी होते. पुढच्या भारतीय बंदरांत काम हलके होते. जहाज दुबईहून आधी मुंबईला आले आणि मग गोवा, मंगळूर, कोचीला गेले, तर उशिराचा मोठा भार मुंबईवर पडतो. तेच जहाज कोलंबोहून आधी कोचीला आले, तर भार कोचीवर पडतो आणि मुंबईला प्रवासी तुलनेने लवकर उतरतात.

मध्येच परदेशी बंदर आले तर पुन्हा गाठ पडते. मुंबई, कोची, कोलंबो आणि मग चेन्नई असा मार्ग असेल, तर चेन्नईला प्रवाशाचा भारतात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर दोनदा प्रवेश मिळतो. एक व पाच वर्षांच्या व्हिसावर अनेकदा मिळतो. ज्याच्याजवळ एकाच प्रवेशाचा व्हिसा आहे, तो प्रवासी चेन्नईला जहाजावरच बसून राहतो.

तुटणारा वेळ कोणाचा?

जहाजाची निघण्याची वेळ सहसा बदलत नाही. पायलट, भरती आणि पुढच्या बंदराचा धक्का, सगळे आधीच ठरलेले असते. म्हणून रांगेत गेलेला प्रत्येक तास शहरातल्या वेळातून वजा होतो.

उदाहरण घेऊ. जहाज आठला लागले. आरोग्य व कस्टम्सचे काम नऊपर्यंत. मग अडीच तासांची रांग, म्हणजे शेवटचा प्रवासी साडेअकराला बाहेर. संध्याकाळी पाचपर्यंत परतायचे, वाहतुकीची धास्ती म्हणून चारलाच शहर सोडायचे. उरले साडेचार तास. त्यात गेटवे, धोबीघाट, मणिभवन असा फेरा तीन तासांचा आणि जेवण एक तासाचे. बाजारासाठी उरतो अर्धा तास. हेच प्रवासी नऊला बाहेर पडले असते तर बाजाराला तीन तास मिळाले असते.

वेळ कमी पडला की सहलीची बस गेटवे सोडत नाही, जेवणही सोडत नाही. प्रथम वगळला जातो तो बाजार. शिवाय जहाजाच्या अधिकृत सहलीचे प्रवासी सहसा आधी सोडले जातात. स्वतःच्या मर्जीने टॅक्सी करून फिरणारा, म्हणजे लहान दुकानात शिरणारा प्रवासी मागे राहतो. सबब, इमिग्रेशनच्या रांगेची किंमत अखेरीस त्या दुकानदाराच्या गल्ल्यातून आणि त्याला माल पुरवणाऱ्या कारागिराच्या मजुरीतून वसूल होते.

आपण काय करावे?

जहाज येण्याच्या आठ दिवस आधी एजंटाकडे किंवा पर्यटन गाइडकडे तीन गोष्टींची चौकशी करावी: भारतातले पहिले बंदर कोणते, प्रवासी जहाजावर परतण्याची वेळ कोणती आणि या हंगामात ठशांचा नियम काय. त्यावरून गर्दी सकाळी येणार की दुपारी, हे ठरवता येते. पहिल्या बंदराच्या दिवशी दुपारच्या जेवणासाठी दुकान बंद करू नये. शुक्रवारी तर उशिरा सुटलेले प्रवासी नेमके जुम्याच्या नमाजच्या वेळी बाजारात पोहोचतात. अशा दिवशी शेजारी दुकानदारांनी पाळीची व्यवस्था आधीच करावी.

घाईतल्या गिऱ्हाइकाला भाव करायला वेळ नसतो. किंमत लिहिलेली असावी, पावती तयार असावी, परदेशी कार्ड चालणारे यंत्र असावे. परवान्याशिवाय डॉलर घेऊ नयेत. माल हलका, सपाट, हातपिशवीत मावणारा पुढे मांडावा. औरंगाबादी हिमरूची शाल अशा दिवशी खपेल. मिरजेची सतार खपणार नाही, पण तिची ऑर्डर घेऊन टपालाच्या डाकघर निर्यात केंद्रातून ती पाठवता येईल. त्यासाठी निर्यातीचा आयईसी क्रमांक काढून ठेवावा.

परतताना गिऱ्हाइकाला पुन्हा दारावर अडकवेल असा माल देऊ नये. शोभेचा खंजीर जहाजाच्या सुरक्षा तपासणीत काढून घेतला जातो. शंभर वर्षांवरील कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत. नवी वस्तू जुनी भासवून विकणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. त्याची थाप कस्टम्सने खरी मानली तर गिऱ्हाईक गोत्यात येते आणि बाजाराची अब्रू जाते.

एकट्या दुकानदाराचे ऐकले जात नाही. बाजारातील संघटनांनी मिळून बंदर प्राधिकरण, गृहखाते आणि पर्यटन खाते यांच्याकडे तीन नेमक्या मागण्या कराव्यात. मोठ्या जहाजांची तपासणी शक्य तेथे समुद्रातच व्हावी. जहाजाच्या दिवशी सर्व टेबलांवर अधिकारी असावेत. आणि टर्मिनलच्या आत, परतीच्या वाटेवर, स्थानिक कारागिरांना पाळीपाळीने विक्रीची जागा मिळावी. रांगेमुळे ज्याला बाजारापर्यंत पोहोचता आले नाही, त्याला परतताना दहा मिनिटे तरी माल पाहता येईल.

परदेशी पर्यटकाची तपासणी होणे आवश्यकच आहे. देशाच्या सुरक्षेचा तो भाग आहे आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की हे काम जहाज येण्याआधी किती उरकायचे आणि धक्क्यावर किती ठेवायचे. धक्क्यावर वाचलेला प्रत्येक तास बाजाराला मिळतो, आणि तो मागण्याचा हक्क बाजाराला आहे.